'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' कसे वाचावे

सुपरहिरोच्या मृत्यूची गोष्ट हाती घेणाऱ्या वाचकाच्या मनात एक शंका आधीपासूनच दबा धरून बसलेली असते. हा नायक वर्ष-दीड वर्षात परत येणारच असेल, तर त्याच्यासाठी आपण जीव का जाळावा? शंका रास्त आहे, कारण अमेरिकी कॉमिक्समध्ये मरून परतलेल्यांची यादी मोठी आहे आणि प्रकाशकांनी मृत्यूचा वापर विक्रीसाठी अनेकदा केलेला आहे. तरीही मला एक गोष्ट अशी ठाऊक आहे की जिच्यापुढे ही शंका गळून पडते. जिम स्टार्लिन यांनी लिहिलेली आणि रेखाटलेली 'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' ही १९८२ साली आलेली चित्रकादंबरी म्हणजे मार्व्हल कंपनीच्या ग्राफिक नॉव्हेल मालिकेचे पहिले पुस्तक होय. तिचा नायक युद्धात मरत नाही, खलनायकाच्या हातूनही मरत नाही. त्याला कर्करोग होतो आणि तो अंथरुणात मरतो.

हे पुस्तक मी आजवर अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी ते थोडे वेगळ्या ठिकाणी जाऊन लागले आहे. ते पहिल्यांदाच वाचणाऱ्याला त्याचा पुरेपूर लाभ व्हावा, वाटेतल्या काही अडचणी आधीच दूर व्हाव्यात, आणि मुख्य म्हणजे त्याने चुकीच्या जागी लक्ष ठेवून बसू नये, यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. गोष्टीचा शेवट पुस्तकाच्या नावातच सांगितलेला असल्यामुळे इथे काही लपवून ठेवण्याचे कारण नाही. नायक मरतो. मृत्यू येईपर्यंत त्याच्या खाटेभोवती काय घडते, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

आधी कॅप्टन मार्व्हल कोणता, ते पक्के करा

या नावाने वाचकांचा जितका गोंधळ उडतो तितका क्वचितच दुसऱ्या नावाने उडत असेल. १९४० मध्ये फॉसेट कंपनीने आणलेला, आज 'शझाम' या नावाने ओळखला जाणारा कॅप्टन मार्व्हल वेगळा. २०१९ च्या चित्रपटात दिसलेली कॅरल डॅनव्हर्स वेगळी, आणि कॉमिक्समध्ये तिने हे नाव २०१२ मध्ये धारण केले. आपल्या गोष्टीचा नायक मार-व्हेल आहे. तो क्री नावाच्या परग्रहीय साम्राज्याचा सैनिक असून, पृथ्वीवर हेरगिरीसाठी पाठवला गेला आणि पुढे पृथ्वीच्याच बाजूने उभा राहिला. त्याची पहिली कथा डिसेंबर १९६७ ही तारीख छापलेल्या 'मार्व्हल सुपर-हिरोज'च्या १२ व्या अंकात आली. ती स्टॅन ली यांनी लिहिली होती आणि चित्रे जीन कोलन यांची होती. चित्रपट पाहिलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे मार-व्हेल ही एक स्त्री शास्त्रज्ञ दाखवली आहे. त्या पात्राचा या पुस्तकाशी नावापलीकडे फारसा संबंध नाही.

म्हणून पुस्तक घेताना स्टार्लिन यांचे नाव पाहून घ्यावे. पुढे 'द लाइफ अँड डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' या नावाचा एक संग्रहही निघाला. त्यात स्टार्लिन यांनी सत्तरच्या दशकात केलेले अंक आणि ही चित्रकादंबरी एकत्र मिळतात, त्यामुळे अगदी नव्या वाचकासाठी तो संग्रह मला अधिक सोयीचा वाटतो.

मूळ पुस्तक नेहमीच्या कॉमिक अंकापेक्षा मोठ्या आकाराचे होते आणि स्टार्लिन यांनी पाने त्या आकाराचा विचार करूनच मांडली होती. शक्यतो ते छापील स्वरूपात वाचावे. पडद्यावर वाचायचे असेल तर टॅब्लेट किंवा संगणक घ्यावा आणि एकेक चौकट आपोआप मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवावी. या सोयीमुळे चौकटी वाचता येतात, पण पान हरवते, आणि इथे पान हरवले की खाटेभोवती उभी असलेली माणसे एकमेकांपासून किती अंतरावर उभी आहेत हेच कळेनासे होते.

आधीचे किती वाचावे

काहीच वाचले नाही तरी चालते, कारण आरंभीच मार-व्हेल आपल्या आयुष्याची हकिगत ध्वनिमुद्रित करत असतो आणि त्या निमित्ताने मागची सगळी कथा वाचकाला सांगून टाकतो. मात्र वेळ असेल तर 'कॅप्टन मार्व्हल' मासिकाचे २५ ते ३३ हे १९७३-७४ मधले अंक वाचावेत. शनीच्या टायटन या उपग्रहावर जन्मलेला थॅनोस, या कथांत व्यक्तीच्या रूपात वावरणाऱ्या मृत्यूवर जडलेले त्याचे प्रेम आणि मार-व्हेलशी त्याचे झालेले युद्ध ही सगळी पार्श्वभूमी तिथे आहे. थॅनोस हे पात्रही स्टार्लिन यांचेच. १९७३ च्या सुरुवातीला 'आयर्न मॅन'च्या ५५ व्या अंकात तो प्रथम दिसला. १९७७ मधल्या एका कथेत त्याचा दगड होऊन गेलेला आहे, इतके ठाऊक असले म्हणजे चित्रकादंबरीतला त्याचा संदर्भ लागतो.

एक अंक मात्र मी आग्रहाने वाचायला सांगेन, तो म्हणजे १९७४ चा ३४ वा अंक. त्यात नायट्रो नावाचा खलनायक आहे. तो आपल्या शरीराचा स्फोट घडवून पुन्हा जसाच्या तसा जुळून येऊ शकतो. 'कंपाउंड थर्टीन' नावाचा विषारी वायू चोरण्यासाठी तो आलेला असतो. झटापटीत डबा गळू लागतो, मार-व्हेल ती गळती स्वतः बंद करतो आणि कोसळतो. बस, इतकेच. त्या अंकात कर्करोगाचे नावही नाही. पुढच्या अंकांत नायक बरा होऊन कामाला लागतो आणि वाचक ती चकमक विसरून जातो. आठ वर्षांनी स्टार्लिन नेमके त्या गळक्या डब्यावर बोट ठेवतात. ज्या धाडसाबद्दल नायकाची पाठ थोपटून आपण पान उलटले होते, ते धाडस इतकी वर्षे त्याच्या शरीरात आत बसून होते. हा अंक आधी वाचला असेल तर आजाराचे कारण कळते त्या पानावर पोटात खड्डा पडतो. आधी वाचला नसेल तर तीच ओळ केवळ माहिती म्हणून डोळ्यांखालून जाते.

पहिले वाचन

पहिले वाचन एका बैठकीत करावे. पुस्तक साठेक पानांचे आहे आणि शांतपणे वाचले तरी तास-सव्वा तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. मध्ये उठू नये. अनोळखी नाव आले तर ते शोधायला लागू नये. शेवटच्या भागात अनेक संघांतले कितीतरी सुपरहिरो एकत्र जमतात. त्यातला प्रत्येक जण कोण हे ठाऊक असण्याची काहीएक गरज नाही. आजारी माणसाला भेटायला आलेल्या गर्दीत आपल्यालाही सगळे चेहरे कुठे ओळखू येतात!

सुरुवातीची आत्मकथनाची पाने पुष्कळ वाचक जुन्या अंकांचा गोषवारा म्हणून चाळून टाकतात, आणि मला वाटते ही या पुस्तकाच्या वाचनातली सर्वांत मोठी चूक आहे. तो गोषवारा आहे हे खरे, पण तो कोण सांगतो आहे आणि कशासाठी सांगतो आहे याकडे लक्ष द्यावे. आयुष्याचा हिशेब नोंदवून ठेवण्याची निकड एखाद्याला अचानक का वाटू लागली असेल, हा प्रश्न मनात ठेवूनच ती पाने वाचावीत.

त्यानंतर मार-व्हेल, टायटनचा अधिपती मेंटॉर आणि त्याचा मुलगा इरॉस हे तिघे थॅनोसचे दगडी झालेले शरीर आणायला त्याच्या जहाजावर जातात. तिथे थॅनोसच्या भक्तांशी त्यांची गाठ पडते. वास्तवातली म्हणावी अशी पुस्तकातली ही एकच हाणामारी आहे आणि ती अगदी नेहमीच्या पद्धतीने रंगवलेली आहे. मुठी, झेपा, कोसळणारे शत्रू, सगळे आहे. मग मार-व्हेलला खोकल्याची उबळ येते. त्या चौकटीवर थांबावे. तिथपर्यंत आपण एक साहसकथा वाचत होतो आणि तिथून पुढे आपण एका आजारपणाची गोष्ट वाचतो. मेंटॉर त्याची तपासणी करतो, तेव्हा जे निघते ते मार-व्हेलला आधीच ठाऊक असते. त्याच्या वैश्विक जाणिवेने, म्हणजे विश्वात काय घडते आहे हे उमगण्याच्या त्याच्या शक्तीने, ते त्याला सांगितलेले असते. डॉक्टरने तोंड उघडण्याआधीच निदान ओळखून बसलेला रुग्ण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पान वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच्या मनगटांवरचे निगा-बँड हे त्याच्या शक्तीचे साधन असते. याच बँडनी इतकी वर्षे रोगाला आवरून धरलेले असते आणि आता उपचार लागू पडत नाहीत तेही याच बँडमुळे. ही कल्पना कथेच्या सोयीसाठी केलेली आहे, हे मी मान्य करतो, कारण काल्पनिक विज्ञानाच्या त्या जगात कर्करोग असाध्य ठरवायला लेखकाला काहीतरी कारण देणे भाग होते. पण त्या सोयीतूनच स्टार्लिन यांनी मोठी गोष्ट साधली आहे. ज्याने वाचवले तेच आता वाचू देत नाही, आणि बँड काढून ठेवावेत तर रोगाला मोकळे रान मिळते. पहिल्या वाचनात हा पेच नीट समजून घ्यावा, म्हणजे पुढे 'एवढे सगळे शास्त्रज्ञ असून उपाय कसा सापडत नाही?' असा प्रश्न मध्येच येऊन रसभंग करत नाही.

दुसरे वाचन, खाटेभोवतीच्या माणसांसाठी

पहिल्या वाचनानंतर दोन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि मग पुस्तक पुन्हा उघडावे. या वेळी मार-व्हेलकडे पाहू नये. त्याला भेटायला येणाऱ्यांकडे पाहावे.

मी हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा मला मृत्यूचा अनुभव नव्हता आणि त्यामुळे मधला भाग काहीसा लांबलेला वाटला होता. काही वर्षांनी घरातल्या एका माणसाच्या उशाशी बरेच दिवस बसण्याची वेळ आली. भेटायला येणारे लोक कसे वागतात ते मी तेव्हा जवळून पाहिले. काही जण दारातच थांबत, आत यायला त्यांचा पाय उचलत नसे. काही जण रुग्णाच्या डोळ्यांत न पाहता सलाइनच्या बाटलीकडे पाहून बोलत. एक जण आल्यापासून औषधांच्या व्यवस्थेवर चिडचिड करत राहिला, आणि त्याचा राग कशावर होता हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. त्यानंतर हे पुस्तक वाचले तेव्हा ही सगळी माणसे मला त्यात सापडली. फरक एवढाच की इथे त्यांनी मुखवटे आणि झगे घातले होते.

चिडणारा माणूस म्हणजे रिक जोन्स. निगा-बँडमुळे कित्येक वर्षे रिकचे आणि मार-व्हेलचे आयुष्य अक्षरशः एकमेकांना जोडलेले होते. एक जण या जगात असला की दुसऱ्याला दुसऱ्या मितीत जाऊन थांबावे लागे. आजाराची बातमी ऐकल्यावर रिक रडत नाही, संतापतो. तो थेट सुपरहिरोंच्या संघाकडे, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्सकडे जाऊन त्यांना फैलावर घेतो. तुमच्याकडे एवढी बुद्धी आहे, एवढी यंत्रे आहेत, मग या रोगावर तुम्ही आजवर काही का केले नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. हा प्रसंग दोनदा वाचावा. एकदा रिकच्या बाजूने वाचावा, म्हणजे त्याच्या रागामागची भीती दिसते. दुसऱ्यांदा ऐकून घेणाऱ्यांच्या बाजूने वाचावा. सुपरहिरोंच्या कथांमध्ये जगबुडी दर महिन्याला टाळली जाते आणि तरी त्याच जगातली साधी माणसे साध्या रोगांनी मरत राहतात. या कथाप्रकाराची ही जुनी अडचण स्टार्लिन इथे झाकत नाहीत, उलट एका दुखावलेल्या तरुणाच्या तोंडून ती उघड्यावर आणतात. असे धाडस या प्रकारात मला फार थोड्या ठिकाणी दिसले आहे.

दारात अडखळणारा माणूस म्हणजे स्पायडर-मॅन. तो खाटेपाशी येतो खरा, पण त्याला तिथे थांबवत नाही आणि तो खोलीबाहेर पडतो. आपल्यासारख्याला असा मृत्यू यावा हेच त्याच्या गळी उतरत नाही. गोळी लागून किंवा स्फोटात मरण येईल याची तयारी त्याने मनाशी केलेली असते, अंथरुणात झिजून मरण्याची केलेली नसते. स्पायडर-मॅनच्या वाचकाला ठाऊक असते की याने आपल्या माणसांचे मृत्यू पाहिले आहेत. काका गेला, प्रेयसी गेली. इतके पाहिलेला माणूसही इथे कच खातो, यावरून त्या खोलीतली हवा किती जड आहे ते कळते. त्याचा मुखवटा या प्रसंगात काय काम करतो तेही पाहावे. डोळे दिसत नसल्याने चित्रकाराला सगळे दुःख खांद्यांच्या आणि मानेच्या रेषेतून दाखवावे लागले आहे.

मला सर्वांत जास्त हलवून टाकणारा प्रसंग मात्र आणखी पुढे आहे. मार-व्हेल ज्या स्क्रल नावाच्या, रूप बदलू शकणाऱ्या परग्रहीय लोकांशी आयुष्यभर लढला, त्यांच्या साम्राज्याचा एक सेनानी त्याच्या खाटेपाशी येतो आणि शौर्याचे पदक त्याला बहाल करतो. आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूला तो मानवंदना देतो. क्री आणि स्क्रल यांचे वैर मार्व्हलच्या विश्वात किती जुने आणि किती रक्तरंजित आहे हे माहीत नसले तरी खोलीतल्या इतरांच्या स्तब्धतेवरून त्याचा अंदाज येतो. जवळच्या मित्रांना काय बोलावे ते सुचत नसताना शत्रू मात्र नेमके शब्द घेऊन येतो, कारण त्याला सांत्वन करायचे नसते, त्याला हिशेब चुकता करायचा असतो. इथे स्टीव्ह ऑलिफ यांची रंगयोजनाही थांबून पाहावी. अंतराळयुद्धाच्या पानांशी हे पान ताडून पाहिले तर खोलीतले वातावरण रंगांनी किती बदलले आहे ते सहज ध्यानात येते.

इलिसियस ही मार-व्हेलची प्रेयसी. तिच्या प्रसंगांना पुस्तकात जितकी जागा मिळायला हवी होती तितकी मिळालेली नाही, असे मला वाटते. मित्रांच्या आणि शत्रूंच्या प्रतिक्रिया तपशिलाने येतात. जी व्यक्ती रात्रंदिवस त्याच्याजवळ असणार तिचे मन मात्र थोडक्यात उरकलेले आहे. पुस्तकावर माझे प्रेम असले तरी हे उणे मी लपवणार नाही, आणि वाचकाने तिच्या चौकटींवर मुद्दाम थोडा अधिक वेळ थांबावे असे सुचवेन.

हे सगळे वाचताना आणखी एक वस्तुस्थिती जवळ ठेवावी. स्टार्लिन यांचे वडील कर्करोगाने गेले होते आणि तो अनुभव या पुस्तकात उतरला आहे, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. कंपनीला या पात्राचा शेवट हवा होता, ही व्यावसायिक बाजू खरी आहे. त्याच वर्षी मोनिका रॅम्बो या नव्या नायिकेला कॅप्टन मार्व्हल हे नाव देण्यातही आले. पण नायकाला मारायचे तर कसे, हा निर्णय स्टार्लिन यांनी आपल्या दुःखातून घेतला. कंपनीने मागितलेला शेवट आणि मुलाने पाहिलेला बापाचा मृत्यू, दोन्ही एकाच पुस्तकात आहेत आणि दुसऱ्याने पहिल्याला पार गिळून टाकले आहे.

शेवटची पाने

शेवटी मार-व्हेल बेशुद्धीत जातो आणि त्याच्या मनात थॅनोस अवतरतो. इथे पुस्तकाची चित्रभाषा बदलते. खोलीतली स्थिर पाने संपतात आणि लढाईची धामधूम परत येते. अनेक वाचकांना इथे वाटते की लेखकाचा धीर सुटला आणि अखेर त्याने नायकाला एक शेवटची मारामारी देऊन टाकली. तसे समजू नये. हा माणूस सैनिक आहे. मृत्यूशी कसे वागायचे याचा त्याला एकच मार्ग ठाऊक आहे आणि तो मार्ग इथे निकामी ठरणार आहे, हे दाखवण्यासाठीच ही लढाई आहे. ती पाने वाचताना प्रत्येक वार कोण करतो यापेक्षा लढाई कुठे थांबते ते शोधावे. ज्या थॅनोसला त्याने आयुष्यभर अडवले, तोच त्याला अखेरच्या उंबरठ्यापाशी सोबत करतो, आणि मृत्यूला मार-व्हेल शत्रू म्हणून सामोरा जात नाही.

मग पुस्तक खोलीत परत येते. तिथली शेवटची ओळ अगदी छोटी आहे, मेंटॉरच्या तोंडी आहे, आणि तिच्यानंतर भाषण नाही, शोकसभा नाही. ते पान उलटल्यावर पुस्तक लगेच ठेवून देऊ नये. मुखपृष्ठ पुन्हा पाहावे. वाचायला घेताना ते आपण ओझरते पाहिलेले असते. आता ध्यानात येते की ती रचना मायकेलअँजेलोच्या 'पिएता' या शिल्पावरून घेतलेली आहे. त्या शिल्पात मेरीने ख्रिस्ताचे कलेवर मांडीवर घेतले आहे. इथे मेरीच्या जागी सांगाड्याच्या रूपातला मृत्यू आहे आणि त्याच्या हातांत मार-व्हेल आहे. पुस्तक वाचण्याआधी हे चित्र भीतिदायक वाटते. वाचून झाल्यावर त्या हाडांच्या हातांची पकड मला सांभाळून धरल्यासारखी दिसते.

शेजारी ठेवून वाचण्यासारखे

या पुस्तकाची संथ गती नीट कळावी म्हणून अगदी उलट रीतीने सांगितलेली एक मृत्युकथा वाचावी. १८ नोव्हेंबर १९९२ रोजी विक्रीस आलेला 'सुपरमॅन'चा ७५ वा अंक डॅन जर्गन्स यांनी लिहिला आणि रेखाटला, शाईकाम, म्हणजे पेन्सिलीच्या रेखाटनावर शाई फिरवण्याचे काम, ब्रेट ब्रीडिंग यांचे होते. काळ्या पिशवीत बंद केलेल्या त्याच्या प्रतींची लाखांनी विक्री झाली आणि अनेकांनी पुढे किंमत येईल या आशेने ती पिशवी कधी फोडलीच नाही. हे वाईट झाले, कारण तो अंक कारागिरीच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ही कथा सुपरमॅनच्या वेगवेगळ्या मासिकांतून चालू होती, म्हणून त्यांतल्या आधीच्या तीन अंकांपासून वाचायला घ्यावे आणि चौकटी मोजाव्यात. 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन'च्या ४९७ व्या अंकात पानावर चार चौकटी आहेत, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या ६८४ व्या अंकात तीन, 'मॅन ऑफ स्टील'च्या १९ व्या अंकात दोन, आणि ७५ व्या अंकात पानभर एकच चित्र. घड्याळाची उलटी मोजणी व्हावी तसे पान उघडत जाते आणि अखेरीस प्रेयसी लोइसच्या मिठीत सुपरमॅन निष्प्राण होतो. हा मृत्यू धावत येतो. त्याउलट मार-व्हेलचा मृत्यू खोलीतल्या खुर्चीवर आधीच येऊन बसलेला आहे आणि त्याला कसलीही घाई नाही. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचली की चौकटींच्या आकाराने वाचकाचा श्वास कसा कमीजास्त करता येतो ते हाताला लागते.

सुपरमॅन १९९३ मध्ये परतला. मार-व्हेलचे काय झाले, हे विचारणे साहजिक आहे. २००७ मध्ये तो परत आल्याचे एका कथेत दाखवले गेले, पण पुढे कळले की तो स्वतःला मार-व्हेल समजणारा एक स्क्रल होता. खऱ्या मार-व्हेलला इतर काही कथांत थोड्या वेळासाठी आणले गेले असले तरी त्याचे कायमचे पुनरागमन झालेले नाही. त्या कथा वाचायला हरकत नाही, पण या पुस्तकानंतर लगेच वाचू नयेत. एक-दोन महिने तरी मध्ये जाऊ द्यावेत.

कोणाला द्यावे, कधी द्यावे

घरात नुकताच कर्करोगाने मृत्यू झाला असेल तर त्या माणसाच्या हाती हे पुस्तक स्वतःहून देऊ नये. त्याने मागितले तर द्यावे आणि देताना विषय स्पष्ट सांगावा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यायचे असेल तर शेजारी बसून वाचावे. रक्तपात फारसा नाही, पण स्पायडर-मॅन खोलीतून निघून जातो त्या पानावर मूल हमखास प्रश्न विचारते आणि तेव्हा उत्तर द्यायला मोठे माणूस जवळ हवे. मुलाला स्पायडर-मॅनला घाबरट म्हणू देऊ नये. तो का गेला असेल, हे मुलालाच विचारावे.

एखाद्या मित्राबरोबर हे पुस्तक वाचायचे ठरवले तर चर्चेला सुरुवात 'तुला कोणता प्रसंग आवडला' या प्रश्नाने करू नका. 'त्या खोलीत तू कोणासारखा वागला असतास' असे विचारा आणि मग त्याला बोलू द्या. उत्तर यायला वेळ लागतो. मला स्वतःला पहिली काही वर्षे मी रिकसारखा वागेन असे वाटत असे. प्रत्यक्षात मी बराच काळ दाराशी उभा होतो.

शेवटचे वाचन केवळ पहिल्या काही पानांचे करावे. सगळे पुस्तक संपवून पुन्हा आरंभी यावे, जिथे मार-व्हेल एकटा बसून आपली हकिगत यंत्रात बोलतो आहे. पहिल्या वेळी तो भूतकाळ सांगत होता असे वाटले होते. आता प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबून पाहावे. त्या वेळी हे ऐकायला त्याच्या जवळ कोणी नव्हते.